काशीत रुसलेली जीप

मे महिन्यात काशीला जाऊ नये, असं सगळेच सांगतात. आम्ही गेलो, तेही साठ वर्षांच्या पेट्रोल जीपमधून. ‘हौस आली असेल’ असं वाचकांना वाटेल. पण हौसेपेक्षा अडचणच मोठी होती.

माझी थोरली मावशी दुर्गाघाटाजवळच्या एका जुन्या वाड्यात राहते. राहत होती, असं आता म्हणायला हवं. १९६९ साली लग्न होऊन ती नागपूरहून काशीला गेली, ती तिथलीच झाली. काका संस्कृत शिकवायचे. ते गेल्यावरही ती एकटीच राहिली. या वर्षी वाड्याची मागची भिंत पोट काढून पुढे आली आणि पावसाळ्याआधी खोल्या रिकाम्या करा, असं सगळ्या भाडेकरूंना सांगण्यात आलं. मुंबईच्या लेकाकडे जायला मावशी तयार नव्हती. नागपूरला भावाकडे यायला तयार झाली, पण एका अटीवर.

‘बाबांच्या जीपमधून नेणार असशील तर येते. आगगाडीचे जिने मला चढवत नाहीत आणि माझी तांब्या-पितळेची भांडी मी टाकून येणार नाही.’

त्या जीपमध्ये मावशीचं मन अडकलेलं होतं. आजोबा भंडाऱ्याच्या जंगलात तेंदूपानांची ठेकेदारी करायचे. ही जीप त्यांनी लिलावात घेतली होती. मावशी नवरी होऊन नागपूर स्टेशनवर गेली, ती याच जीपमध्ये मागच्या बाकावर, मांडीवर शिदोरीचा डबा घेऊन. आजोबांनंतर गाडी मामांकडे आली. मामांनी ती लेकीसारखी सांभाळली.

पण वर्षभरापासून लेक रुसू लागली होती. सकाळी सेल्फ मारला की अर्ध्या फेऱ्यात सुरू. दिवसभर चालवा, कुरकुर नाही. मात्र भर उन्हात चहाला थांबून अर्ध्या तासाने परत आलं की ढिम्म. तास-सव्वा तास वाट पाहिली की जणू काही झालंच नव्हतं, अशी सुरू. गरम झाल्यावर उठत नाही, असं मेकॅनिक लोक म्हणतात, ते हेच.

अशा गाडीतून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला मे महिन्याच्या लूमध्ये साडेसातशे किलोमीटर आणायचं होतं. मधे कुठे माळावर गाडी अडली तर? निघताना मामीने हाच प्रश्न विचारला. मामा म्हणाले, ‘जाताना बघून घेऊ.’

जुना सात नंबर

नागपूरहून काशीला जाणारा रस्ता जुन्या लोकांना ‘सात नंबर’ म्हणून ठाऊक आहे. वाराणसी ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ देशातला सर्वांत लांब महामार्ग होता, सुमारे २,३७० किलोमीटरचा. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले आणि त्याचे तुकडे झाले. पण नागपूर, शिवनी, जबलपूर, कटनी, मैहर, रेवा, मिर्झापूर ही गावांची माळ तीच आहे. नागपूर ते मिर्झापूर हा रस्ता इंग्रजांच्या काळात ग्रेट डेक्कन रोड म्हणून ओळखला जायचा. दख्खनमधला माल याच रस्त्याने मिर्झापूरच्या बाजारात उतरायचा.

ताशी पन्नासच्या वेगाने आम्ही तीन दिवसांत पोहोचलो. जबलपूरला दुपारी गाडी अडली. तिथल्या मेकॅनिकने बॅटरी खराब म्हणून नवी बसवली. मैहरला पुन्हा अडली. तिथल्याने कॉइल बदलली. रेव्याच्या पुढे तिसऱ्यांदा अडली, तेव्हा जवळच्या ढाब्यावरच्या ट्रक ड्रायव्हरने सांगितलं, ‘सेल्फ बँधवा लो.’ मामांचं स्वतःचं मत निराळंच. त्यांच्या मते सगळा दोष रेडिएटरचा होता. म्हणून ते प्रत्येक थांब्यावर पाणी तपासत. पाणी दर वेळी जिथल्या तिथे, काटाही मधोमध.

मला गाडीतलं फारसं कळत नाही. मी चालवते, एवढंच. पण बातमीदारीची सवय म्हणून वहीत वेळा लिहून ठेवत होते. कुठे थांबलो, किती वाजता, किती मिनिटं, ऊन होतं की सावली, मग गाडी कधी सुरू झाली. मामा थट्टा करायचे, ‘ही गाडीची कुंडली मांडतेय.’

या गाडीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सारं त्यावर अवलंबून आहे. आमची जीप १९६५ची, महिंद्राची, उंच बॉनेटची. लुधियानाला १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ नावाने ही कंपनी सुरू झाली. भागीदारांपैकी मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं आणि ती मुंबईत अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपची जोडणी करू लागली. विलीजने १९५३ साली जीपमध्ये नवं इंजिन बसवलं. त्यात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर गेले, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते झाकायला बॉनेटही उंच करावं लागलं. चार सिलिंडर, २.२ लिटर. अमेरिकेत हे मॉडेल बंद पडून जमाना झाला, पण आपल्याकडे त्याच अंगाच्या जीप कितीतरी वर्षं बनत राहिल्या. पुढे बहुतेकांत डिझेल इंजिन आलं. डिझेलला ना कार्ब्युरेटर, ना प्लग, म्हणून त्यांना हा आजार ठाऊकच नाही.

रुसव्याचे थांबे

मिर्झापूरला दुपारी एक वाजता पेट्रोल भरलं. पाच मिनिटांचा थांबा. गाडी लगेच सुरू. तिथून गंगेच्या दक्षिण काठाने चुनारच्या बाजूने रामनगरला आलो. तीन वाजले होते. किल्ल्यासमोर उन्हात गाडी लावून ऊसाचा रस प्यायलो. पंचवीस मिनिटांनी मामांनी सेल्फ मारला. इंजिन गरगर फिरतंय, पण धरत नाही. सात-आठ वेळा प्रयत्न झाले. मग सीटखालून हँडल काढून मामा हँडल मारू लागले. सत्तरीच्या माणसाने त्या उन्हात हँडल मारावं, हे मला बघवेना. मी त्यांना ओढतच किल्ल्यात नेलं.

एका परीने बरंच झालं. नाहीतर आम्ही रामनगर बघितलंच नसतं. काशीनरेश बलवंतसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेला हा किल्ला चुनारच्या पिवळट दगडाचा आहे. आतल्या संग्रहालयात पालख्या, हत्तीवरच्या अंबाऱ्या, शस्त्रं आणि जुन्या अमेरिकन मोटारी आहेत. मोटारींवर धूळ होती. मामा एकीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ‘हिला निदान कुठे जायचं तरी नाही.’

बाहेर आलो, तेव्हा तास-सव्वा तास झाला होता. जीप पहिल्याच फेऱ्यात सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी मावशीचं सामान बांधायचं काम भाचेसुनेने हाती घेतलं आणि आम्हाला हुसकावून लावलं. सकाळी सारनाथला गेलो. गाडी एका मोठ्या झाडाखाली लावली, वारा होता. धामेक स्तूपाला फेरी मारली. संग्रहालयातला चार सिंहांचा स्तंभशीर्ष बघायचाच म्हणून आत गेलो. आपल्या नोटांवर आणि नाण्यांवर रोज दिसणारे ते सिंह समोर उभे राहिले की त्यांच्या पॉलिशवरून नजर हलत नाही. पण मामांचं चित्त बाहेर गाडीत. त्यामुळे वीस मिनिटांतच बाहेर. गाडीने बराच वेळ सेल्फ खाल्ला, पण अखेर सुरू झाली.

बारा वाजता कँट स्टेशनजवळ भारतमाता मंदिरापाशी थांबलो. या मंदिरात मूर्ती नाही. जमिनीवर संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा नकाशा आहे, डोंगरदऱ्यांच्या उंचसखल आकारांसह. बाबू शिवप्रसाद गुप्तांनी तो करवून घेतला आणि १९३६ साली महात्मा गांधींच्या हस्ते मंदिराचं उद्घाटन झालं. मराठी माणसाला सुखावणारी गोष्ट म्हणजे, अशा नकाशाची कल्पना गुप्तांना सुचली ती पुण्यात, धोंडो केशव कर्वे यांच्या आश्रमात मातीचा नकाशा पाहून, असं सांगतात. याच गुप्तांनी १९२० साली ‘आज’ हे हिंदी दैनिक काढलं. ते नावारूपाला आणलं बाबूराव विष्णु पराडकर या काशीत जन्मलेल्या मराठी संपादकाने. मैदागिनजवळ त्यांच्या नावाचं स्मृतिभवन आहे. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना पराडकरांचं नाव मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, तेवढंच.

अर्ध्या तासाने बाहेर आलो. गाडी ढिम्म. बॉनेटवर हात ठेववत नव्हता. पुन्हा तासभर सावलीत बसलो. संध्याकाळी मामांनी एका गॅरेजात सेल्फ उघडून साफ करून घेतला. रात्री नऊ वाजता मैदागिनला चाळीस मिनिटं थांबून गाडी सुरू केली, तर चटकन सुरू. मामा खूश. ‘बघ, सेल्फच होता.’

तिसऱ्या दिवशी दुपारी नदेसरला पुन्हा तेच.

मावशीच्या घरी

दुर्गाघाटाकडे जाणाऱ्या गल्ल्यांत जीप काय, रिक्षाही पुरती जात नाही. मैदागिनला गाडी लावायची, भैरवनाथापर्यंत सायकलरिक्षा आणि पुढे पायी. अठराव्या शतकात नारायण दीक्षित कायगावकरांच्या प्रयत्नाने दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट बांधले गेले आणि हा सगळा भाग मराठी लोकांचा झाला. पलीकडे पंचगंगा घाट, तसाच पुढे शिंद्यांचा घाट, भोसल्यांचा घाट. अहिल्याबाई होळकरांनी विश्वेश्वराचं मंदिर पुन्हा उभारलं, शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे, राणी लक्ष्मीबाई इथल्याच भदैनीत जन्मल्या, हे आपण शाळेत शिकतो. पण गल्लीत जिन्यावरून ‘अहो, भाजी घेतलीत का?’ असा आवाज ऐकू येतो, तेव्हा काशीतली मराठी वस्ती खरी कळते. या मराठीत हिंदी शब्द मिसळलेले असतात आणि काही शब्द असेही असतात, जे आपण विदर्भात कधीच विसरलो.

रात्री जेवताना मावशीने विचारलंच. ‘खरं सांग, बाळ. वाटेत बंद पडेल ना?’

मामा गप्प बसले. मी सांगून टाकलं. सकाळी चालते, दुपारी थांबलं की अडते, तासाने आपोआप सुरू होते.

मावशी चूल आवरत होती. चूल म्हणजे काका असल्यापासूनची कोळशाची शेगडी. गॅस आहे, पण दूध ती शेगडीवरच तापवते. म्हणाली, ‘जाड बुडाचं पातेलं शेगडीवरून खाली ठेवलं, तरी दूध उतू जातंच. आच काढली म्हणून पातेलं लगेच थंड होतं का? तुमच्या गाडीत काय उतू जातंय, ते बघा.’

मामा हसले. मीही हसले. दोन दिवसांनी त्याच वाक्यावर आम्हाला मान हलवावी लागली.

उस्तादांचे प्रश्न

वाड्यातल्या एका शेजाऱ्याने पत्ता दिला. कँटच्या बाजूला एका गल्लीत पत्र्याची शेड, बाहेर दोन जुन्या अँबेसेडर. उस्ताद पासष्टीच्या पुढचे. वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यात फिटर होते. हा कारखाना १९६१चा. २०२०पासून त्याचं नाव बनारस रेल्वे इंजिन कारखाना असं झालंय. लोक अजूनही त्याला डी.एल.डब्ल्यू.च म्हणतात.

मामांनी बॉनेट उघडायला हात घातला, तर उस्ताद म्हणाले, ‘पहले बैठिए. गाड़ी बाद में बोलेगी, पहले आप बोलिए.’

आणि एकामागून एक प्रश्न. गरम असताना सेल्फ तितक्याच जोराने फिरतो, जितका सकाळी? हो. मग बॅटरी आणि सेल्फ सोडून द्या. तापलेला सेल्फ किंवा सैल झालेली अर्थची तार असती, तर इंजिन कण्हत, रेंगाळत फिरलं असतं. चालताना झटके देते, मधेच गुदमरते? नाही. पाण्याचा काटा वर जातो? नाही. किती वेळ थांबल्यावर अडते?

इथे माझी वही कामाला आली. मी वाचून दाखवलं. पाच मिनिटं, उन्हात, काही त्रास नाही. पंचवीस मिनिटं, उन्हात, अडली. वीस मिनिटं, झाडाखाली वाऱ्यात, कष्टाने सुरू. तीस मिनिटं, भर दुपारी, अडली. चाळीस मिनिटं, रात्री, चटकन सुरू.

उस्तादांनी वही हातात घेतली. अक्षर मराठी, तरी आकडे बघत राहिले. म्हणाले, ‘बिटिया, आधा काम तो तुम कर लाई हो.’

मग त्यांनी जे सांगितलं, ते असं. आपण गाडी बंद करतो तेव्हा ती थंड व्हायला लागते, असं आपल्याला वाटतं. बॉनेटच्या आत नेमकं उलट होतं. पंखा थांबला, पाणी फिरायचं थांबलं, समोरून येणारा वारा थांबला. पण दीड-दोनशे किलो तापलेलं लोखंड तिथेच आहे. त्याची धग आता वर चढते. पहिल्या पाच मिनिटांत फारसा फरक पडत नाही. पंधरा ते तीस मिनिटांच्या दरम्यान बॉनेटखालची हवा सर्वांत तापलेली असते. मग हळूहळू उतरते. तासाभराने सगळं ठीक. रुसव्याचं वेळापत्रक तेच सांगत होतं.

मावशीचं जाड बुडाचं पातेलं!

या जीपमध्ये पेट्रोलची टाकी सीटखाली असते, कार्ब्युरेटर इंजिनच्या अगदी डोक्यावर. मधे इंजिनवर चालणारा पंप, ज्याला मेकॅनिक एसी पंप म्हणतात. तो पेट्रोल टाकीतून ओढून वर पाठवतो. पेट्रोल म्हणजे पाण्यासारखा एकजिनसी पदार्थ नव्हे. त्यातला हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळू लागतो. काशीच्या मे महिन्यात सावलीतच चव्वेचाळीस अंश! नळीत आणि पंपात पेट्रोलची वाफ झाली की पंप नुसताच धापा टाकतो, कारण त्याला द्रव ढकलता येतो, वाफ नाही. तिकडे कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून उतू जातं. आधी इंजिनात पेट्रोलचा पूर येतो, मग वाटी कोरडी पडते.

त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आलंय. २०२५पर्यंत देशभर ते वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल गरमीत वाफ धरायला अधिक उत्सुक असतं आणि साठ वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्यांना, पंपातल्या पडद्याला ते मानवतही नाही. मामांचा त्रास वर्षभरातच का वाढला, याचं थोडं उत्तर इथेही असावं.

‘पण हा अंदाज झाला,’ उस्ताद म्हणाले. ‘आता गाडीला विचारू.’

ते स्वतः मामांबरोबर बसून दहा-बारा किलोमीटर फिरून आले. गाडी उन्हात उभी केली, बॉनेट बंद. बरोबर पंचवीस मिनिटं चहा. मग सेल्फ. जोरात फिरला, पण गाडी सुरू नाही. पेट्रोलचं काही उघडण्याआधी त्यांनी ठिणगी पाहिली. एक जादा प्लग वायरला जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवला. निळी, कडक ठिणगी. म्हणजे कॉइल आणि कंडेन्सर ठीक. ही दोन्ही तापल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर साळसूद होतात, म्हणून ठिणगी गरम असतानाच बघायची असते. मैहरची नवी कॉइल फुकट गेली, हे मामांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मग सगळ्यांच्या विड्या विझवायला लावून त्यांनी कार्ब्युरेटरवरचा हवेचा पाइप काढला. आत बघत हाताने ॲक्सिलरेटर ओढला. एरवी पेट्रोलची बारीक पिचकारी उडते. इथे काहीच नाही, ठणठणीत कोरडं. पंपाच्या काचेच्या वाटीत थोडंसं पेट्रोल आणि बुडबुडे.

उस्तादांनी एक गोणपाटाचा तुकडा पाण्यात बुडवून पिळला आणि पंपावर, नळीवर गुंडाळला. वितरकावर पाणी पडू दिलं नाही. पाच मिनिटांनी पंपाखालची छोटी दांडी हाताने दहा-बारा वेळा मारली. काचेची वाटी भरली.

‘अब मारिए.’

दुसऱ्या फेऱ्यात इंजिन बोललं. मामांनी डोक्याला हात लावला. बॅटरी, कॉइल, सेल्फ, सगळं बदलून झालं होतं आणि इथे एक ओलं गोणपाट!

पण गोणपाट हे निदान होतं, इलाज नव्हता. पेट्रोल इतकं का तापतंय, हे शोधायचं होतं. इंजिन थंड झाल्यावर दोन गोष्टी सापडल्या. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या मधे जाड फायबरचं पॅकिंग असतं. ते खालची धग वर जाऊ देत नाही. गेल्या दिवाळीत इंजिन उघडलं, तेव्हा कुणीतरी ते काढून साधं कागदी पॅकिंग घातलं होतं. आणि पेट्रोलची नळी, जी बाहेरून वळसा घालून यायला हवी, ती सोयीसाठी आखूड रबरी नळी लावून एक्झॉस्टला जवळजवळ चिकटून नेली होती.

मामा म्हणाले, ‘मग निम्मा दोष माझाच. काम करून घेताना मी समोर उभा होतो.’

उस्तादांनी जाड पॅकिंग कापून बसवलं, नळी नवी घेतली, दूरच्या वाटेने नेली आणि एक्झॉस्ट नि पंपाच्या मधे पत्र्याचा आडोसा लावला. साडेसातशे रुपये. वाटेत आम्ही याच्या कितीतरी पट उडवले होते.

मला त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती जुनी पद्मिनी, अँबेसेडर किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० अजून जपणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. गरम गाडी अडली आणि पेट्रोलचा भपकारा येत असेल, तर ॲक्सिलरेटर पुन्हापुन्हा दाबू नका आणि चोक तर ओढूच नका. त्याने पूर वाढतो. ॲक्सिलरेटर एकदाच पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, हवा जाऊन जास्तीचं पेट्रोल निघून जातं. वास नसेल, सगळं कोरडं असेल, तर ओलं फडकं आणि थोडा धीर. आजच्या गाड्यांत पंप बहुधा टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाने येतं, त्यामुळे त्यांच्या मालकांना ही कसरत क्वचितच करावी लागते. आणि मामांची सवय? अडली की धडाधड ॲक्सिलरेटर मारायचा. उस्तादांनी त्यांना हात जोडून सांगितलं, ‘इसको मारिए मत, सुनिए.’

परत येताना

दोन दिवस आम्ही मुद्दाम दुपारी गाडी फिरवली. उन्हात लावली, अर्धा तास थांबलो. एकदा बॉनेट बंद ठेवून, एकदा उघडून. बंद ठेवली तर तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात, उघडली तर पहिल्याच फेऱ्यात सुरू. मी वहीत लिहिलं.

पहाटे चार वाजता निघालो. हमालांनी भांडी, शिवणयंत्र आणि काकांच्या पुस्तकांच्या दोन पेट्या मैदागिनपर्यंत आणल्या. मावशी गल्लीतून चालताना एकाही दारापाशी थांबली नाही. भैरवनाथापाशी रिक्षात बसली, तेव्हा मात्र मागे वळून बघितलं. जीपशी आल्यावर तिने बॉनेटवर हात ठेवला आणि मागच्या बाकावर चढू लागली. मामांनी तिला पुढे बसायला सांगितलं, तर ऐकेना. ‘माझी जागा तीच.’

विश्वसुंदरी पुलावर उजाडलं. मिर्झापूरला नऊ वाजता पोहे-जिलबी. ड्रमंडगंजचा घाट चढायला लागलो, तेव्हा साडेअकरा झाले होते. गंगेचा सपाट प्रदेश इथे संपतो आणि रस्ता विंध्याच्या पठारावर चढतो. दुसऱ्या गियरमध्ये इंजिन तापत होतं. कुणीच बोलत नव्हतं. वर हनुमनाला पोहोचलो, तेव्हा मावशीला पाणी आणि सावली हवी होती. थांबणं भागच होतं.

एका कडुनिंबाखाली खाट टाकून घेतली. मावशी आडवी झाली. अर्धा तास झाला. पस्तीस मिनिटं झाली. मामा घड्याळ बघत होते. मीही.

मावशी उठली, पदराने तोंड पुसलं आणि गाडीत चढली. मामांनी किल्ली लावली. तेवढ्यात मागून आवाज आला,

‘थांब रे. झाकण उघडून ठेवलं होतंस का?’

‘हो, ताई.’

‘मग मार.’

तिसऱ्या फेऱ्याला इंजिन सुरू झालं. मामांनी मागे वळून बघितलं. मावशी शिदोरीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, ‘रेव्याला जेवू. तिथे मात्र सावलीत लाव.’